लग्न नव्हतं, नातं संपलं. आता बाळाच्या बाबांचं काय?

लग्न मोडतं तेव्हा निदान एक कागद तरी हाती येतो. मूल कुणाकडे राहणार, दुसऱ्याने त्याला कधी भेटायचं, दरमहा किती पैसे द्यायचे, हे घटस्फोटाच्या वेळी बहुतेकदा लिहून होतं. पण लग्नच झालेलं नसेल तर? दोघं चार-पाच वर्षं एका घरात राहिले, मूल झालं, मग पटेनासं झालं. एकाने बॅग भरली आणि तो दुसऱ्या फ्लॅटमध्ये राहायला गेला. ना वकील, ना तारीख, ना निकाल. दोघांचं नातं एका संध्याकाळी संपलं. मूल मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी उठून विचारतंच, "बाबा कुठेय?"

अशी जोडपी आता फक्त मुंबई-पुण्यात राहिलेली नाहीत. नोकरीसाठी बंगळुरू, हैदराबाद, गुरुग्रामला गेलेली आपलीच मुलं-मुली तिथे एकत्र राहतात. घरच्यांना कधी माहीत असतं, कधी नसतं. त्यांनी लग्न करायला हवं होतं की नको, हा वाद या सदरात घालायचा नाही. मूल जन्माला आलं आहे आणि आईबाप वेगळे झाले आहेत, तिथून पुढे आपण बोलू.

सुरुवातीला बहुतेक बाबा जवळच असतात

'लग्न न करता बाप झालेला माणूस जबाबदारी टाळणारच' असं आपण सहज म्हणतो. अमेरिकेत या विषयावर एक मोठा अभ्यास झाला, त्यात वेगळंच चित्र दिसलं. १९९८ ते २००० या काळात २० मोठ्या शहरांत जन्मलेल्या सुमारे ४,९०० मुलांची आणि त्यांच्या आईवडिलांची माहिती प्रिन्स्टन आणि कोलंबिया विद्यापीठांच्या संशोधकांनी वर्षानुवर्षं गोळा केली. त्यातल्या जवळजवळ तीन चतुर्थांश मुलांचे आईवडील अविवाहित होते.

बाळ जन्मलं तेव्हा त्या अविवाहित जोडप्यांपैकी दहातल्या आठांचं प्रेम टिकून होतं आणि जवळपास निम्मी जोडपी तर एकाच घरात राहत होती. म्हणजे बाबा पळून गेलेले नव्हते. पण बाळ पाच वर्षांचं होईपर्यंत साधारण एक तृतीयांश जोडपीच एकत्र उरली. आणि वेगळे राहणाऱ्या बाबांपैकी सुमारे निम्म्यांनीच आदल्या महिनाभरात आपल्या मुलाला पाहिलं होतं.

हे आकडे तिथले आहेत, ते आपल्या घरांना जसेच्या तसे लागू होणार नाहीत. पण त्यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. बाप एका दिवसात नाहीसा होत नाही, तो हळूहळू दूर जातो. आधी दर रविवारी येणारा महिन्यातून एकदा येऊ लागतो, मग फक्त वाढदिवसाला येतो, मग वाढदिवसालाही फोनच. हळूहळू होणारी गोष्ट वेळीच थांबवता येते.

याच अभ्यासातल्या माहितीवर २००८ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यातून दिसलं, की वेगळे झालेले आईवडील मुलाच्या बाबतीत एकमेकांशी बोलत असतील, एकमेकांच्या शब्दाला मान देत असतील, तर बाबा मुलाच्या आयुष्यात जास्त टिकून राहतात. दोघांचं प्रेम उरलंय की नाही, यापेक्षा मुलाचं काम दोघं मिळून करू शकतात की नाही, हे महत्त्वाचं ठरतं.

बाबा दूर का जातात?

पहिलं कारण असं, की बऱ्याच पुरुषांच्या मनात बायको आणि मूल ही एकच गाठ असते. तिच्याशी संबंध संपला की मुलाकडे जायचं म्हणजे पुन्हा तिच्या दारात उभं राहायचं, तिचे टोमणे ऐकायचे. तो अवघडलेपणा टाळता टाळता मूलच टळतं.

दुसरं कारण पैसा. कॅथरिन एडिन आणि टिमोथी नेल्सन या संशोधकांनी फिलाडेल्फिया आणि शेजारच्या कॅम्डेन शहरातल्या ११० गरीब बाबांशी दीर्घकाळ बोलून २०१३ साली एक पुस्तक लिहिलं. त्यातल्या बहुतेकांना बाप व्हायचं होतं, मुलाला वेळ द्यायचा होता. पण कमाई तुटपुंजी, आईशी बिनसलेलं, कुणाच्या आयुष्यात नवं माणूस आलेलं, अशा कारणांनी त्यांची मुलांशी गाठ सैल होत गेली. हे आपल्याकडच्या माणसालाही कळेल. नोकरी गेलेला बाप मुलाकडे रिकाम्या हाताने जायला लाजतो. 'पुढच्या महिन्यात पगार झाला की जाऊ' म्हणतो आणि सहा महिने निघून जातात. मुलाला मात्र खेळणं नको असतं, खांद्यावर बसायचं असतं.

तिसरं कारण खास आपल्याकडचं आहे. अनेकदा मुलाच्या बाबाच्या घरी नातवंड आहे हेच माहीत नसतं. गावी आईवडील 'आता तरी लग्न कर' म्हणून मागे लागलेले असतात. तो दुसरं लग्न करतो आणि आधीचं मूल मनाच्या कोपऱ्यात ठेवून देतो. जे मूल घरात सांगितलंच नाही, त्याला रविवारी भेटायला जायचं तर घरी काय सांगून जायचं?

आणि चौथं कारण आईच्या बाजूचं आहे. तीही दुखावलेली असते. मुलाचं दुखणंखुपणं, शाळा, रात्रीची जागरणं सगळं तिच्या अंगावर पडलेलं असतं. महिन्यातून दोन तास येऊन आइस्क्रीम खाऊ घालणारा माणूस मुलाचा लाडका होतो, याचा राग येणं अगदी माणसासारखं आहे. त्या रागातून 'आज तो झोपलाय', 'आज परीक्षा आहे' अशी कारणं दिली जातात. राग खरा असला तरी त्याची किंमत मूल मोजतं.

कायदा काय म्हणतो?

इथे दोन्ही बाजूंचे बरेच गैरसमज असतात, म्हणून सरळ सांगते.

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ प्रमाणे लग्नाशिवाय जन्मलेल्या मुलाची नैसर्गिक पालक आई असते आणि तिच्यानंतर वडील. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने आणखी स्पष्ट केलं, की अविवाहित आईला पालकत्वाचा अर्ज करताना मुलाच्या वडिलांचं नाव सांगण्याची किंवा त्यांना नोटीस देण्याची सक्ती करता येणार नाही. तेव्हा 'बापाच्या सहीशिवाय तुझं काही चालणार नाही' अशी धमकी कुणी दिली, तर घाबरू नका.

पण याचा अर्थ बाबाला काही दारच उरलं नाही, असा नाही. पालक व पाल्य कायदा, १८९० खाली तो न्यायालयात जाऊन मुलाची भेट मागू शकतो. तिथे न्यायालय आईचा हक्क की बापाचा हक्क, असं मोजत बसत नाही. मुलाचं हित कशात आहे, हेच बघतं. जानेवारी २०२० मध्ये यशिता साहू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की मुलाला आई आणि वडील दोघांचंही प्रेम मिळायला हवं आणि मूल ज्याच्याकडे नाही, त्या पालकाला रोज पाच-दहा मिनिटं मुलाशी बोलता यायला हवं. त्या प्रकरणातले आईवडील विवाहित होते, पण हा विचार मुलाच्या बाजूने केलेला आहे.

पैशांबद्दल कायदा अगदी स्वच्छ आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ प्रमाणे (पूर्वीचं कलम १२५) स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या मुलासाठी बापाकडून पोटगी मागता येते. आईवडिलांचं लग्न झालेलं असो वा नसो. हे कलम सगळ्या धर्मांना लागू आहे. खटला चालू असताना मिळायच्या अंतरिम पोटगीचा अर्ज, समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा, असंही त्यात म्हटलं आहे. बापाने पितृत्वच नाकारलं, तर मात्र ते सिद्ध करावं लागतं. अशा वेळी जन्मदाखला, दवाखान्याची कागदपत्रं, फोटो, मेसेज, पैसे पाठवल्याच्या नोंदी कामी येतात. गरज पडल्यास न्यायालय डीएनए चाचणीचा आदेश देऊ शकतं. म्हणून रागाच्या भरात फोनमधलं काही पुसून टाकू नका.

वारशाची बाब जरा वेगळी आहे. बापाच्या मालमत्तेत अशा मुलाला आपोआप वाटा मिळेल, असं गृहीत धरू नये. दोघं खूप वर्षं नवरा-बायकोसारखे राहिले असतील तर न्यायालय लग्न झाल्याचं गृहीत धरू शकतं, पण तो लांबचा रस्ता आहे. बाबांना खरंच मुलासाठी काही ठेवायचं असेल, तर मृत्युपत्र करावं. त्याला फार खर्च येत नाही आणि उद्याची भांडणं वाचतात.

उत्तराखंडात राहणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं, की तिथे २७ जानेवारी २०२५ पासून समान नागरी संहिता लागू झाली आहे. तिच्यात लिव्ह-इन नात्याची नोंदणी करावी लागते, नातं संपलं तर तेही कळवावं लागतं आणि अशा नात्यातलं मूल औरस मानलं जातं.

एका पानाचा कागद करा

घटस्फोटात जो कागद आपोआप होतो, तो इथे आपणच करायचा. भांडण ताजं असताना करू नका, पण फार लांबवूही नका. वेगळं झाल्यावर पहिल्या महिना-दोन महिन्यांत, दोघांचाही विश्वास असलेल्या एखाद्या मावशी, दादा, मैत्रीण किंवा समुपदेशकासमोर बसा. कागदावर एवढं लिहा:

• भेटीचा ठरलेला वार, वेळ आणि जागा. 'जमेल तसं' हा शब्द लिहायचा नाही.
• फोन किंवा व्हिडिओ कॉलची वेळ. झोपायच्या आधीची असेल तर उत्तम.
• दरमहा किती रक्कम, कोणत्या तारखेला. ती यूपीआयने किंवा बँकेतून द्यावी, म्हणजे नोंद राहते. शाळेची फी आणि दवाखान्याचा खर्च कसा वाटायचा तेही लिहा.
• दिवाळी, गणपती, वाढदिवस आणि मे महिन्याची सुट्टी.
• मूल आजारी पडलं तर दुसऱ्याला किती वेळात कळवायचं.
• शाळेत आणायला-न्यायला कुणाला परवानगी आहे.
• कुणाच्या आयुष्यात नवा जोडीदार आला तर मुलाला कधी आणि कसं सांगायचं.
• दर सहा महिन्यांनी हा कागद पुन्हा बघायचा.

या कागदावर दोघांनी सही करून एकेक प्रत ठेवा. मुलाच्या बाबतीत शेवटचा शब्द न्यायालयाचाच असतो आणि मुलाचा पोटगीचा हक्क आईने सहीने सोडून दिला, तरी तो सुटत नाही. तरीही हा कागद उपयोगी पडतो, कारण 'मी असं म्हणालोच नव्हतो' हे वाक्य त्यामुळे कमी वेळा ऐकू येतं.

एक नियम दोघांनीही पाळा. पैसे आणि भेट यांची अदलाबदल करू नका. 'पैसे दिले नाहीत, तर मूल दाखवणार नाही' आणि 'मूल दाखवत नाही, तर पैसे देणार नाही' या दोन्ही वाक्यांत मुलाचाच तोटा आहे. पैसे थकले तर त्यासाठी पोटगीचा रस्ता आहे. भेट अडवली तर त्यासाठी भेटीचा अर्ज आहे. एकाचा राग दुसऱ्यावर काढायचं कारण नाही.

वयाप्रमाणे भेट बदलते

तीन वर्षांपर्यंतच्या बाळाला महिन्यातून एक अख्खा दिवस देण्यापेक्षा आठवड्यातून दोन-तीनदा एकेक तास बरा. त्या वयात मूल चेहरा, आवाज, अंगाचा वास यांनी माणूस ओळखतं. खूप दिवसांनी भेटलं तर ते रडतं. बाबांनी त्यावरून 'हिने शिकवलंय' असा अर्थ काढू नये.

चार ते दहा वर्षांच्या मुलाला ठरलेला वार फार महत्त्वाचा असतो. शनिवारी संध्याकाळी पाच म्हणजे पाच. येतो म्हणून न येणं हे मुलाला न भेटण्यापेक्षाही जास्त लागतं. नवे कपडे घालून, चप्पल घालून दारात बसलेलं मूल सहा वाजता चप्पल काढून ठेवतं, तेव्हा त्याने मनात काय ठरवलं, ते आपल्याला कधीच कळत नाही. जमणार नसेल तर आदल्या दिवशी फोन करा, आणि तो आईला न करता मुलालाच करा. आणि भेट म्हणजे मॉल नव्हे. गृहपाठ घेणं, सायकल शिकवणं, केस कापायला नेणं, एकत्र वरणभात करून खाणं हे खरं बाबापण.

दहा-बारा वर्षांनंतर मुलाला विचारून वेळ ठरवा. त्याची क्लास, मित्र, मॅच यांची गर्दी सुरू होते. त्याने एखादी भेट नाकारली तर रुसू नका. त्याची मॅच बघायला जा, तीच भेट समजा.

बाबा दुसऱ्या शहरात किंवा आखातात नोकरीला असेल, तर व्हिडिओ कॉलला काहीतरी काम द्या. लहान मूल नुसतं 'कसा आहेस' विचारल्यावर दोन मिनिटांत उठून जातं. त्याऐवजी दोघांकडे एकच गोष्टीचं पुस्तक ठेवा आणि रोज एक पान वाचा. बुद्धिबळाचा डाव मांडा. चित्र काढून एकमेकांना दाखवा.

भेट कधी थांबवायची?

वर लिहिलेलं सगळं अशा बाबांसाठी आहे ज्यांच्यापासून मुलाला किंवा आईला धोका नाही. मारहाण, दारू पिऊन येणं, धमक्या, मुलाला पळवून नेण्याची भीती, नको तो स्पर्श, असं काहीही असेल तर 'शेवटी बाप आहे' या वाक्याला बळी पडू नका. कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ लग्नासारख्या नात्यात राहिलेल्या स्त्रीलाही संरक्षण देतो. त्या कायद्यात मुलाचा तात्पुरता ताबा मागता येतो आणि भेट मुलाला घातक ठरेल असं वाटलं तर दंडाधिकारी ती नाकारू शकतात. जिथे धोका कमी पण शंका आहे, तिथे न्यायालयाच्या आवारात किंवा तिसऱ्या माणसाच्या समोर भेट ठरवून घेता येते.

महिलांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे मदतीचे नंबर आहेत. वकिलाची फी परवडत नसेल तर १५१०० या नंबरवर विधी सेवा प्राधिकरणाशी बोला. स्त्रिया आणि मुलं यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हे अजूनही खूप जणींना माहीत नसतं.

मुलाला काय सांगायचं?

खरं सांगा, पण वयाला झेपेल एवढंच. 'आई आणि बाबा आता एका घरात राहत नाहीत. ते आमच्या दोघांचं ठरलं. तुझ्यामुळे काही झालेलं नाही.' यातलं शेवटचं वाक्य पुन्हा पुन्हा म्हणा, कारण लहान मुलं मनातल्या मनात दोष स्वतःकडे घेतात.

'बाबा परदेशी गेलेत' किंवा 'देवाघरी गेलेत' असं खोटं सांगू नका. दहाव्या वर्षी शेजारच्या काकू किंवा फोनमधला जुना फोटो खरं सांगून टाकतो आणि मग मूल आईच्याही शब्दावर विश्वास ठेवेनासं होतं. शाळेत कुणी 'तुझे आईबाबा वेगळे का?' असं विचारलं तर काय म्हणायचं, हे घरी आधीच ठरवून ठेवा. 'आमची दोन घरं आहेत' एवढं पुरतं.

मुलाला निरोप्या करू नका. 'बाबांना सांग पैसे पाठव', 'आईला विचार कोण येतं घरी' हे मुलाच्या तोंडी घातलं की भेट म्हणजे चौकशी होते. आपण मोठी माणसं आहोत, आपण आपला मेसेज आपणच करू.

आजी-आजोबांनाही इथे काम आहे. 'लग्नाआधीचं पोर' म्हणून नातवंडाकडे पाठ फिरवू नका. महाराष्ट्रात १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाच्या नावानंतर आधी आईचं नाव आणि मग वडिलांचं येतं. सरकारी कागदानेही एवढी जागा केली, तर आपण आपल्या ओसरीवर नातवंडाला जागा करायला काय हरकत आहे?

आणि ज्या घरात बाबा खरोखरच निघून गेला, फोन उचलत नाही, त्या आईला एवढंच सांगायचं आहे. तुम्ही दार उघडं ठेवलंत, तुमचं काम झालं. त्याच्या न येण्याचा हिशोब तुम्हाला द्यायचा नाही. मामा, आजोबा, एखादे चांगले सर मुलाच्या जवळ असू द्या, पण त्यांना बाबा म्हणायला लावू नका. मूल विचारेल तेव्हा 'ते का येत नाहीत मला माहीत नाही, पण मी इथेच आहे' असं सांगा.

बाबा वाचत असतील तर त्यांच्यासाठी: खूप महिने गेले असतील आणि आता कोणत्या तोंडाने जाऊ असं वाटत असेल, तर मोठी भेटवस्तू शोधत बसू नका. आधी मुलाच्या आईला एक साधा मेसेज करा, 'या शनिवारी अर्धा तास भेटलो तर चालेल का?' ती कदाचित लगेच हो म्हणणार नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा नीट विचारा. आणि ज्या शनिवारी हो मिळेल, त्या शनिवारी वेळेवर जा.